भागीतलं इंजन

इंजन धरलं तेव्हा धम्मपाल बाभळीखाली झोपला होता. हे त्याला एकट्यालाच ठाऊक होतं. बाकी सगळ्यांना त्याने सांगितलं होतं, की मी खालच्या टोकाला दारं मोडत, म्हणजे सऱ्यांना पाणी वळवत होतो. तसं ते अगदीच खोटं नव्हतं. दारं मोडून झाली होती. कबनूरच्या यंत्रमागावरची पाळी उतरून तो घरी न जाता थेट रानात आला होता, चैत्राचं ऊन टाळूवर बसलं होतं आणि बाभळीखाली हातभर सावली होती. खोरं उशाला घेऊन पाच मिनिटं पाठ टेकू म्हणाला. पाच मिनिटांची झोप जगात कुणाला लागलीय? जाग आली ती आवाजाने नाही, आवाज बंद पडल्याने आली.

तो उसातून पळत सुटला. पानांनी दंडावर ओरखडे काढले त्याचं भान नव्हतं. इंजनाच्या खोपीत शिरला तर करपलेल्या रंगाचा वास नाकात बसला. इंजनाचं मोठं चाक गप उभं होतं. त्याने हँडल लावून जोर केला, दोन्ही पाय रोवून केला, शेवटी हँडलवर उभा राहिला. चाक तसूभर हललं नाही. इंजनाने धरलं होतं, आतून जाम झालं होतं. तेल बघितलं, खुणेपर्यंत होतं. इंजन गार ठेवायच्या पाण्याचं पिंप बघितलं, तेही काठोकाठ भरलेलं, उलट वरून सांडून खाली चिखल झालेला. मग धरलं कशानं? धम्मपालला एकच उत्तर सुचत होतं आणि ते बाभळीखाली होतं.

आठ घोड्यांच्या ताकदीचं, विहिरीचं पाणी उपसणारं ते डिझेल इंजन दोन घरांच्या भागीतलं. हुपरीच्या अलीकडच्या त्या गावात अशी भागी दुसरी नव्हती. विहीर जोतिरामची. बाहत्तरच्या दुष्काळात ती खणताना खाली खडक लागला, सुरुंगानेही फुटेना. बाकीचे गडी सोडून गेले. धम्मपालचा बाप अण्णासो तेवढा रोज पहार घेऊन आत उतरत राहिला. पाणी लागलं त्या दिवशी जोतिरामने गावासमोर सांगितलं, की आठवड्यातले दोन दिवस पाणी अण्णाचं. बौद्धवाड्यातल्या माणसाला विहिरीत वाटा द्यायचा म्हणजे भाऊबंदांशी वाकडं घ्यायचं. जोतिरामने घेतलं. पुढे दोघांनी मिळून इंजन आणलं आणि कामं वाटून घेतली. तेलपाणी अण्णासोच्या घराने बघायचं, नारळ जोतिरामच्या घराने फोडायचा. अण्णासोच्या घराने छप्पन्न सालीच देव सोडले होते. जोतिराम हसून म्हणायचा, "तेल तुजं, नारळ माजा. दोन्हीकडनं बांधून घेतलं की इंजन." कागद कधी झाला नाही. गेल्या दिवाळीत जोतिराम गेला, आणि त्याचा शब्द पाळायचा की नाही हे त्याचा मुलगा गणपतराव ठरवणार होता.

गणपतराव फटफटीवरून आला. खोपीबाहेर उभ्या उभ्याच त्याने विचारलं, "झोपला हुतास काय रं, धम्म्या?"

"न्हाय दादा. खाली दारं मोडत हुतो."

"तेल?"

"तेल हाय की. बगा तुमी."

"मग काय नजर लागून मेलं व्हय?" गणपतरावाने आत येऊन चाकाला लाथ लावून बघितली. "आमच्या म्हाताऱ्यानं तीस वरीस चालिवलं, एक डाव धरलं न्हाय. तुज्या हातात आलं आन् म्हैन्यात धरलं. हे बग, आखितीपतूर इंजन फिरलं पायजे. आन् फिरवायच्या आदी हितं, चार मान्सांत म्हनायचं, माज्या हयगयीनं गेलं म्हणून. न्हायतर तुमची पाण्याची पाळी बंद. मी माजी मोटर बशिवतो, तुमी तुमचं बगा."

इंजन दुरुस्त झालं तरी तसं बोलायचंच का, आणि बोललो तर पुढच्या वेळी तेच बोट दाखवून पाळी बंद होणार का, हे धम्मपालला विचारता आलं नाही. गणपतरावाला मोटर बसवायचीच होती. भागी मोडायला त्याला निमित्त हवं होतं, आणि ते धम्मपालने झोपून दिलं होतं. लोडशेडिंगमध्ये वीज यायची दिवसाला चार तास, ती गणपतरावालाच पुरत नव्हती. धम्मपालचा सव्वा एकर ऊस पाच महिन्यांचा होता. दुपारी त्याची पानं मिटून घेत होती. अक्षय्य तृतीयेच्या, म्हणजे आखितीच्या पुढे पाणी चुकलं तर जळण झालं असतं त्याचं.

घरी अण्णासो बाजेवर होता. पाडव्याच्या आधीपासून त्याचे गुडघे सुजले होते, रानात पाऊल टाकता येत नव्हतं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "हात लावून बगितलं हुतंस?"

हा त्याचा जुना नेम. पंपाची एक धार सतत पिंपात पडायची, पिंपातलं पाणी नळीने इंजनात जायचं, इंजन गार करून दुसऱ्या बारीक नळीने पाटात पडायचं. येता-जाता त्या धारेखाली हात धरायचा. कोमट लागलं तर चालू दे. चटका बसला तर आवर. धारच नसली तर पहिल्यांदा इंजन बंद, मग बाकीचं. धम्मपालला शाळेत जायच्या आधी हे शिकवलं होतं.

"बगितलं हुतं," धम्मपाल म्हणाला.

म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला, आणि धम्मपालला ते शिव्या खाण्यापेक्षा जड गेलं.

दुसऱ्या दिवशी त्याने इंजन उघडलं. मागावर फिटरचं काम करून हाताला पाने-हातोडीची सवय होती, पण मागाचा नट वेगळा आणि तीस वर्षं तेल-धूळ खाल्लेला इंजनाचा नट वेगळा. एकेका नटावर रॉकेल टाकून तो तासभर वाट बघायचा. पाना निसटून बोटांची सालपटं गेली. बायको रूपाली हाताखाली होती. ती घरी हुपरीच्या पैंजणांना घुंगरू जोडायची, त्यामुळे बारीक कामात तिचा हात धम्मपालपेक्षा चांगला. तीन वासे वर एकत्र बांधून त्यांना साखळी टांगली आणि दोघांनी मिळून इंजनाचं वरचं धूड उचललं, गोणपाटावर उपडं केलं. आत पिस्टन गच्च बसला होता. त्यात रॉकेल आणि डिझेल ओतून तीन दिवस तसंच ठेवलं. चौथ्या दिवशी बाभळीचा ठोकळा लावून धम्मपाल घण मारायला लागला. शंभर घाव झाले, दीडशे झाले. खांद्यातून हात सुटतो की काय असं वाटायला लागलं.

"थांबा. वाईच हललं," रूपाली म्हणाली. ती कडेला बोट लावून बसली होती.

"कुटं?"

"केसाएवढं. मारा."

दुपारपर्यंत पिस्टन बाहेर आला. अंगभर ओरबाडलेला होता. धम्मपालने तो मांडीवर घेतला आणि त्याला वाईट वाटलं, अगदी मुक्या जनावराला लागल्यावर वाटतं तसं.

रोज दुपारी जोतिरामची बायको चिमणाबाई खोपीवर आंबील घेऊन यायची. पासष्टीची बाई, पण तांब्या घेऊन बांधावरून ताठ चालायची. खोपीच्या कोनाड्यात कानतुटका एक कप होता, तो अण्णासोचा आणि आता धम्मपालचा. तो कप तिच्या घरी कधी जात नसे. धम्मपालने कप धरायचा, तिने वरून धार सोडायची. रूपालीने ओंजळ धरायची. धम्मपाल तापाने पडला तेव्हा ती उसाचं पाचट तुडवत औषध घेऊन आली होती, त्याच्या लग्नात तिने पदराने डोळे पुसले होते. काकूची माया खरी होती आणि वरून धार धरणंही खरं होतं. या दोन्हींचं एकत्र काय करायचं, ते धम्मपालला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं.

"पाडव्याला सुरू करताना म्या नारळ फोडला," आंबील ओतता ओतता ती म्हणाली. "हळदकुकू लावलं. विडा ठिवला. हे हुते तवा करायची तसंच सगळं केलं, कुटं कमी केलं न्हाय. मग का धरलं आसंल रं?"

"काय म्हाईत, काकू."

"तुमी काय मानत न्हाईसा. चालिवणाऱ्यानं हात जोडला असता तर..." तिने वाक्य सोडून दिलं, पण सोडलेलंही ऐकू येतं. रूपालीने ओंजळीतली आंबील झटकली आणि पाठ फिरवून बसली. धम्मपाल कानस उचलून कामाला लागला.

पिस्टन आणि त्याच्या भोवतीचं लोखंडी नळकांडं, ज्याला लायनर म्हणतात, पोत्यात घालून धम्मपाल एसटीने कोल्हापूरला गेला. उद्यमनगरात रुद्रेश मिस्त्रीचं लेथ होतं. रुद्रेश निपाणीकडचा, घरात कानडी, गिऱ्हाइकाला 'तम्मा', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणायची सवय, तोंडात नेहमी पान. त्याने पोतं उघडलं, पिस्टन उजेडात धरून फिरवला.

"तेल हुतं काय, तम्मा?"

"हुतं. देवाशप... खरंच हुतं."

"हाय, खरं हाय तुजं. हे तेलानं मेलेलं न्हाय. रंग बग, निळा पडलाय. पानी बंद पडलंवतं."

"पिंप भरलेलं हुतं, मिस्त्री. वरनं सांडत हुतं."

रुद्रेशने पान थुंकून टाकलं. "सांडत हुतं म्हणजे आत जात न्हवतं की. एवढं कळंना तुला?"

धम्मपालच्या डोळ्यांपुढे पिंपाखालचा चिखल आला. चिखल तिथे आठ दिवस होता, त्यात बसून धम्मपालने नट उघडले होते आणि त्याला त्याचा अर्थ लागला नव्हता. नवीन लायनर आणि पिस्टन जुळवून रुद्रेशने हातात दिले. परतीच्या एसटीत ते मांडीवर घेऊन बसलेल्या धम्मपालला गाडी फार हळू चालतेय असं वाटत होतं.

घरी न जाता तो थेट खोपीत गेला. पिंपाच्या बुडाची नळी सोडली. आत तार घातली तर वीतभर जाऊन अडकली. त्याने नळीचा बाक काढून दगडावर आपटला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा भाताचा कुजका लगदा बाहेर आला आणि त्याच्या मागोमाग काळी पडलेली, फुगलेली एक सुपारी त्याच्या तळहातावर पडली.

धम्मपालला आनंद झाला. लाज वाटावी एवढा आनंद झाला. विडा ठिवला, काकू म्हणाली होती. विड्याची सुपारी आणि अक्षता तिने पिंपात सोडल्या होत्या. आता चार माणसांत गणपतरावाच्या पायाशी ही सुपारी फेकायची आणि म्हणायचं, घ्या दादा, ही कुणाची हयगय? वाटेत तो हे वाक्य तीन-चार वेळा मोठ्याने म्हणाला.

अण्णासोने सुपारी हातात घेतली. बोटांत फिरवली. मग म्हणाला, "औंदा जोतिराम न्हवता न्हवं."

"म्हंजे?"

"ती दरसाल टाकायची. पिंपातलं पाणी म्हंजी गंगा म्हनायची. ती घराकडं वळली की जोतिराम पिंपात कोपरापतूर हात घालून सुपारी काढायचा. मग आमी दोगं खोपीत बसायचो, तो आडकित्त्यानं फोडायचा. निम्मी त्याची, निम्मी माजी. म्हनायचा, अण्णा, तिला कळू दिऊ नगंस, तिला वाईट वाटंल." म्हाताऱ्याने सुजल्या गुडघ्यावर हात ठेवला. "माजं गुडघं धड आसते तर म्या गेलो आसतो पाडव्याला. ध्यानातच आलं न्हाय, की काढणारा ऱ्हायला न्हाय."

"मग ही दावू नगं म्हनतोस?"

"दाव की. वाटा जायला लागलाय, नाव जायला लागलंय. दाव. पर मला एक सांग." अण्णासोने सुपारी त्याच्या हातावर परत ठेवली. "हात लावून बगितलं हुतंस?"

चुलीपाशी रूपालीचा हात थांबला. धम्मपालने जमिनीकडे बघितलं.

"झोप लागल्ती, आबा."

"मला वाटलंच," म्हातारा म्हणाला. त्यात राग नव्हता. "मग दोगांनी मारलंय इंजन. तिनं आन् तू. आता काय बोलायचं ते तू ठरीव."

पुढचे सहा दिवस धम्मपाल आणि रूपाली इंजन बांधत होते. लायनर बसवला. पिस्टनच्या रिंगा तेलात बुडवून एकेक चढवल्या. डिझेल फवारणाऱ्या नॉझलचं भोक कोळशाने बुजलं होतं, ते रूपालीने घुंगराच्या तारेने साफ केलं, डोळ्याशी धरून त्यातून आभाळ बघितलं आणि मगच त्याच्या हातात दिलं. पिंप रिकामं करून घासलं. चिमणाबाई रोज येत होती, आंबील ओतत होती. सुपारी धम्मपालच्या खिशात होती. रोज तिच्याकडे बघून त्याला राग यायचा आणि ती वळून बांधावरून चालायला लागली की तो राग कुठेतरी जायचा. एवढ्या वर्षांत नवऱ्याने तिच्यामागे काय केलं हे या बाईला वैधव्यात कळणार, आणि ते धम्मपालच्या तोंडून.

आखितीच्या सकाळी खोपीपाशी माणसं जमली. गणपतराव होता, त्याचे दोन भाऊबंद होते, गावचा पंच होता. अण्णासोला धम्मपालने सायकलच्या कॅरियरवर बसवून आणलं होतं. चिमणाबाई ताट घेऊन पुढे झाली. चाकाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मग ताटातली सुपारी आणि चिमूटभर अक्षता उचलून ती पिंपाकडे वळली.

धम्मपालने पिंपाच्या तोंडावर हात आडवा धरला.

"ए!" गणपतराव ओरडला. "हात काढ! पूजा चाललीया न्हवं?"

धम्मपालने हात तसाच ठेवला. सहा दिवस पाठ केलेलं वाक्य ऐन वेळी कुठे गेलं कोण जाणे. चिमणाबाई त्याच्याकडे बघत राहिली. तिचा हात त्याच्या हाताच्या वर, नेहमीच्या अंतरावर थांबला होता.

दगडावर बसलेला अण्णासो म्हणाला, "वैनी, ती सुपारी माज्याकडं द्या."

"तुमाला कशाला?"

"जोतिराम काढून घ्यायचा. दरसाल. तुमी घराकडं गेला की. आमी दोगं फोडून खायचो हितं. तुमास्नी वाईट वाटंल म्हणून बोलला न्हाय कवा."

चिमणाबाईने पिंपाकडे बघितलं, मग धम्मपालकडे. त्याने खिशातून ती काळी सुपारी काढून तळहातावर धरली.

"ही औंदाची, काकू. नळीत बसली हुती."

तिला समजायला फार वेळ लागला नाही. ती विहिरीवर तीस-बत्तीस वर्षं राहिलेली बाई होती. "म्हंजी इंजन म्या मारलं," ती म्हणाली. मग मुलाकडे वळली आणि मोठ्याने म्हणाली, "गणपा, इंजन म्या मारलं. ह्या पोराच्या नावानं बोंब मारलीस तू गावभर."

गणपतरावाने तोंड उघडलं, पण धम्मपाल आधी बोलला. आता गप्प राहिलं असतं तर सगळं मिटलं असतं, वाटाही राहिला असता आणि नावही. हे त्याला कळत होतं.

"एकट्या काकूनं न्हाय, दादा. मी झोपलो हुतो. बाभळीखाली. जागा आसतो, धारंखाली हात धरला आसता, तर बंद केलं आसतं. सुपारी आसली तरी इंजन वाचलं आसतं. तुमी त्या दिवशी इचारलं तवा मी खोटं बोललो."

पंचाने घसा खाकरला आणि गणपतरावाकडे बघितलं. गणपतराव चाकाकडे बघत होता. त्याला जे चार माणसांत ऐकायचं होतं ते ऐकायला मिळालं होतं, पण त्याचं काय करायचं ते त्याला समजत नव्हतं.

"जोतिबाचं नाव घे आन् लाव हँडल," शेवटी तो म्हणाला. मग धम्मपाल कुणाचं नाव घेणार नाही हे ध्यानात येऊन तो चिडला. "नगं घिऊस. लाव म्हंजी झालं. आज पाळी कुणाची हाय?"

"आमची," अण्णासो म्हणाला.

"मग बसलाय कशाला?"

धम्मपालने हँडल लावलं. पहिल्या दोन वेळा इंजन नुसतं सुस्कारलं. तिसऱ्याला खोकलं, धुराचा एक काळा गोळा छपरातून बाहेर गेला आणि चाक फिरायला लागलं. आवाज आधी अडखळता होता, मग लागोपाठ झाला, मग पायाखालची जमीन हलायला लागली. पाटात पाणी आलं. रूपाली खोरं घेऊन उसाकडे पळाली.

चिमणाबाई तिथेच उभी होती. तिने कोनाड्यात हात घातला, कानतुटक्या कपामागे चाचपलं आणि जोतिरामचा अडकित्ता बाहेर काढला. इतकी वर्षं कपाला हात लावायचा नाही म्हणून तिने त्यामागे कधी बघितलं नव्हतं. पदराने त्याची धूळ पुसली. मग अण्णासोपाशी जाऊन तिने अडकित्ता आणि ताटातली सुपारी त्याच्या हातावर ठेवली. वरून सोडली नाही, ठेवली.

"फोडा, अण्णा."

अण्णासोने सुपारी फोडली. निम्मी स्वतःकडे ठेवली, निम्मी पुढे केली. तिने ती त्याच्या बोटांतून उचलून तोंडात टाकली आणि दाढेखाली धरली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते तिने पुसलं नाही. गणपतराव दुसरीकडे तोंड करून फटफटीकडे चालायला लागला.

"धम्मा," इंजनाच्या आवाजावरून ती ओरडली, "धारंखाली हात धर की रं!"

धम्मपालने हात धरला. पाणी कोमट होतं.